कामाला हो, लग्नाला बहुधा नाही

पत्राचा सारांश: नाशिकच्या इंदिरानगरमधून ४२ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय. अंबडमधल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात त्या अकरा वर्षं आहेत. डिसेंबरमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, जानेवारीत मुंबईला ऑपरेशन झालं, उजव्या काखेतल्या गाठीही काढल्या. किमो नाशिकमध्येच चालू आहे. दर तीन आठवड्यांनी शुक्रवारी एक, असे आठ डोस. २० फेब्रुवारी आणि १३ मार्च असे दोन झाले. चौथ्यानंतर औषध बदलणार आहे. ऑफिसात 'गाठीचं ऑपरेशन' एवढंच सांगितलंय, नववीतल्या मुलीलाही तेवढंच. आता केस गळायला लागलेत. मिस्टर म्हणतात, नोकरी सोड, आपलं दुकान आहे. सासूबाईंचं म्हणणं, किमो संपेपर्यंत उंबरठा ओलांडू नकोस, फक्त ऑपरेशनसाठी बोललेला नवस फेडायला चैत्रात वणीच्या गडावर जाऊन येऊ. दीर म्हणतात, उरलेले डोस मुंबईलाच घ्या. २५ मेला कोल्हापुरात भाच्याचं लग्न आहे आणि भावाचे सारखे फोन येतायत. "घरात बसले तर वेड लागेल, बाहेर पडले तर लोक म्हणतील हिला जिवापेक्षा पगार प्यारा. धीराने नेहमीसारखं वागू की गुपचूप पडून राहू, तुम्हीच सांगा," असं त्यांनी शेवटी विचारलंय.

प्रिय मैत्रीण,

नेहमीसारखं वागायचं किंवा पडून राहायचं, या दोहोंच्या मध्ये तुम्ही काही जागाच ठेवलेली नाही. घरच्यांनीही ती ठेवलेली नाही. मिस्टर, सासूबाई, दीर आणि भाऊ, चौघांनी मिळून पुढच्या चार-पाच महिन्यांसाठी एकेक हुकूम काढून ठेवलाय. किमो मात्र सलग सहा महिने एकसारखी चालत नाही. तुमची किमो एकवीस दिवसांची आहे आणि दर खेपेला पहिल्या दिवसापासून नव्याने सुरू होते. दोन फेऱ्या तुमच्या अंगावरून गेल्यात, म्हणजे हे तुमच्या शरीराला कळलेलं आहे, कागदावर मांडायचं तेवढं राहिलंय. तुम्ही अकाउंट्सवाल्या, तेव्हा तारखाच मांडू.

मी डॉक्टर नाही. खाली लिहितेय ते तीन आठवड्यांच्या किमोत साधारण काय घडतं ते. तुमचे रिपोर्ट तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टच्या हातात आहेत आणि त्यांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर.

डोसच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणींना बरं वाटतं. मळमळ आणि अ‍ॅलर्जी टाळायला जे स्टेरॉइड देतात त्याने उलट जरा जास्तच तरतरी येते, रात्री झोप लागत नाही आणि बाई कपाटं आवरायला काढते. (काढू नका.) तिसऱ्या दिवसापासून पाचव्या-सहाव्यापर्यंत मात्र पुरती दाणादाण: अंग गळून जातं, तोंडाची चव जाते, पोट साफ होत नाही. मग हळूहळू बळ येतं. पण साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. हा काळ फसवा, कारण माणसाला हुशारी वाटते आणि जंतूंशी लढायची ताकद त्याच दिवसांत सर्वांत कमी असते. पंधराव्या दिवसापासून पुढचा आठवडा तुमचा.

आता हे तुमच्या कॅलेंडरवर टाका. १३ मार्चचा डोस धरला तर मार्च एंड अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी येतोय. म्हणजे अकाउंट्समध्ये ज्याची सगळ्यात जास्त धास्ती असते ते दिवस तुमच्या बऱ्या आठवड्यात पडलेत. ऑफिसला जा, फक्त रात्री नऊपर्यंत थांबू नका. तिसरा डोस ३ एप्रिलला. रविवार ते मंगळवार हे तीन दिवस तुमचे नाहीत, ते आधीच रजेत टाकून मोकळ्या व्हा. ११ तारखेची जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) नवव्या दिवशी येते. अंगात ताकद असेल पण पेशी खाली असतील, तेव्हा ते काम घरून. २० तारखेची थ्रीबी (महिन्याचं जीएसटी रिटर्न) अठराव्या दिवशी. ती ऑफिसात बसून करा. अशी आठही डोसांची पट्टी एका पानावर काढा आणि फ्रीजला चिकटवा. 'ही रोज कामाला जाते' हे सासूबाईंना सोसत नाही. 'ही कोणत्या दिवशी जाते आणि का' हे भिंतीवर दिसलं की त्यांच्याशी निदान त्या एका दिवसापुरतं बोलता येईल.

चौथ्या डोसनंतर, म्हणजे मेमध्ये, ही पट्टी पुन्हा काढावी लागेल. औषध बदललं की त्रासाचे दिवस सरकतात, त्रासही वेगळा होतो. कुणाला हाडं-सांधे ठणकतात, कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा.

नोकरी सोडायचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: उपचार चालू असताना राजीनामा देऊ नका. मिस्टर प्रेमापोटी बोलतायत हे मला दिसतंय. पण त्यांनी एक हिशेब बहुधा केलेला नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर तो नोकरीबरोबर जातो, आणि कर्करोगाचं निदान झाल्यावर नवी पॉलिसी मिळवणं फार अवघड असतं. अजून सहा डोस, बहुधा पुढे रेडिएशन, मग कदाचित काही वर्षं गोळ्या. दुकानाच्या गल्ल्यातून हे सगळं भागवायची वेळ आपण होऊन का आणायची? थकायला झालं तर रजा घ्या, बिनपगारी घ्या, अर्धा दिवस मागा; पण मस्टरवर नाव राहू द्या.

त्यासाठी ऑफिसात सांगावं लागेल. तुम्हाला भीती आहे की सांगितलं तर कीव करतील, काम काढून घेतील. ही भीती खोटी नाही, असं होतं. पण न सांगता चालू ठेवलं तर तुम्ही कामचुकार ठराल, दर तीन आठवड्यांनी नवी सबब शोधाल, आणि जिथे सवलत मागण्यासारखी आहे तिथे मागू शकणार नाही. शिवाय ऑपरेशन कंपनीच्या मेडिक्लेमवर झालं असेल तर क्लेमचे कागद एचआरच्या टेबलावरून कधीच पुढे गेलेत. सगळ्या विभागाला सांगायची गरज नाही. दोन माणसांना सांगा, तुमचा साहेब आणि एचआर. नुसतं 'मला कर्करोग आहे' एवढंच सांगून थांबू नका, कारण समोरच्याला पुढे काय बोलावं ते सुचत नाही आणि तो 'तुम्ही आराम करा' म्हणून सुटका करून घेतो. त्याच्या पुढे लगेच कागद ठेवा: माझी किमो जुलैच्या मध्यापर्यंत आहे, या तारखांना मी नसेन, या तारखांना घरून काम करीन, या तारखांना इथे असेन, आणि माझं काम मी नसताना कोण पाहील ते मी शिकवून ठेवते. मग तेच ईमेलवर पाठवा, म्हणजे साहेब बदलला तरी ठरलेलं राहील. बाकीच्यांसाठी 'ट्रीटमेंट चालू आहे, बरी आहे' एवढं पुरे. आणि केसांचं म्हणाल तर नाशिकच्या उन्हात दुचाकीवरच्या प्रत्येक बाईच्या डोक्याला स्कार्फ असतो, रस्त्यावर कुणी वळूनही बघणार नाही. ऑफिसात तो काढायचा की नाही, विग लावायचा की नाही, हे ज्या दिवशी जसं वाटेल तसं.

दुचाकीवरून आठवलं. उजव्या काखेतल्या गाठी काढल्यात आणि गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर उजव्याच हातात. त्या हाताला सूज चढण्याची शक्यता पुढे बराच काळ राहते, म्हणून त्या हाताने फायलींचे गठ्ठे, पाण्याची बादली, भाजीची जड पिशवी उचलू नका, आणि बीपीचा पट्टा व सुई शक्यतो डाव्या हाताला लावायला सांगा. गाडी चालवायला कधीपासून हरकत नाही ते सर्जनना विचारा. माझं विचाराल तर इंदिरानगरच्या बोगद्यातली कोंडी आणि सिंहस्थाच्या तयारीत उकरलेले रस्ते पाहता हे चार-पाच महिने रिक्षा, कंपनीची बस किंवा पाथर्डी फाट्यावरून जाणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याची गाडी बरी. नव्या औषधाने बोटं बधिर झाली तर दुचाकीचा प्रश्नच उरत नाही.

पर्समध्ये दोन वस्तू कायम हव्यात. एक थर्मामीटर. दुसरं, एक कार्ड: नाव, आजार, औषधांची नावं, शेवटच्या डोसची तारीख, डॉक्टरांचा आणि हॉस्पिटलचा नंबर. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की घरी क्रोसिन घेऊन वाट पाहायची नाही, कारण गोळीने आकडा उतरतो आणि आतला संसर्ग तसाच वाढत राहतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं आणि दारातच सांगायचं, "माझी किमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला, ताप आलाय." हे वाक्य ऐकलं की तिथल्या डॉक्टरांना कळतं की रक्ततपासणी आणि अँटिबायोटिक आत्ता लागणार, सकाळी नाही. सासूबाईंना जर काही करायचंच असेल तर सातव्या ते चौदाव्या दिवसात सकाळ-संध्याकाळ तुमचा ताप मोजून वहीत लिहायचं काम त्यांच्याकडे द्या. उंबरठ्याची राखण करण्यापेक्षा त्याचा उपयोग फार मोठा.

हाच ताप दिरांच्या सूचनेचं उत्तर आहे. मुंबईलाच चांगले उपचार मिळतात, हा समज एकेकाळी खरा होता म्हणून तो अजून टिकलाय. टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, आणि घराघरात कुणीतरी परळला गेलेलं असतं. पण २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं, ते नेमकं यासाठी की देशभरातल्या केंद्रांमध्ये उपचारांची पद्धत सारखी व्हावी आणि रुग्णाला गाव सोडावं लागू नये. किमोची औषधं तीच, मात्रा तुमच्या उंची-वजनावरून ठरते, नाशिकमध्येही आणि मुंबईतही. मुंबईच्या डॉक्टरांकडून उपचारांचा आराखडा लेखी घ्या, नाशिकच्या डॉक्टरांना द्या, दोघांचं बोलणं घडवून आणा. शंका असेल तर दुसरं मत जरूर घ्या. पण डोस घेऊन तिसऱ्या दिवशी कसारा घाटात ओकाऱ्या काढत परत येणं आणि नवव्या दिवशी ताप आल्यावर 'आपले डॉक्टर' पावणेदोनशे किलोमीटरवर असणं, याने उपचार चांगले होत नाहीत.

सर्जनना दाखवायला मुंबईला जावं लागेल तेव्हा तिसऱ्या आठवड्यातली तारीख मागा. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून दादर हे माझ्या मते घाटातल्या गाडीप्रवासापेक्षा बरं: उठता येतं, चालता येतं, स्वच्छतागृह आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना रेल्वेची सवलत आहे हे अनेकांना माहीतच नसतं. सेकंड सीटिंग आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के, आणि तेवढीच सोबतच्या एका माणसालाही. स्लीपर आणि थ्री टियर एसीत रुग्णाला पूर्ण माफी, सोबत्याला ७५ टक्के. हॉस्पिटलमधून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र भरून, सही-शिक्का घेऊन आरक्षण खिडकीवर तिकीट काढायचं. गाडीत मास्क, घरचं पाणी, घरचा डबा, आणि तासा-दीड तासाने उठून दोन डब्यांत फेरी. कर्करोग, ऑपरेशन आणि किमो या तिन्हींमुळे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो; एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं किंवा अचानक दम लागणं, यांतलं काही झालं तर तो थकवा समजू नका, लगेच डॉक्टर गाठा.

पत्रात नाही पण हे सदर अंबड-सातपूरमधल्या बऱ्याच कामगारांच्या घरी वाचलं जातं म्हणून लिहिते. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर कर्करोगासाठी तिथे नेहमीच्या आजारपणापेक्षा मोठा लाभ आहे: दोन वर्षं विमित नोकरी झाली असेल तर सरासरी वेतनाच्या ८० टक्के, कमाल दोन वर्षांपर्यंत. सुपरवायझरच्या तोंडी भरवशावर राहू नका, ईएसआयच्या दवाखान्यात कागद घेऊन स्वतः विचारा. ज्यांच्याकडे ईएसआयही नाही आणि मेडिक्लेमही नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी जावं, बिल झाल्यावर नव्हे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

आता मुलगी. तिला काही कळलेलं नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात फोन आहे, घरात हॉस्पिटलची फाइल आहे, उशीवर केस आहेत. तिला बहुधा सगळं माहीत आहे. फक्त विचारायची परवानगी नाही, म्हणून ती एकटीच गूगलवरचं वाचत असेल, आणि तिथे सगळ्यात वाईट तेच आधी सापडतं. येत्या दहावीच्या वर्षात तिचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून लपवता आहात, पण लपवलेल्या गोष्टीनेच लक्ष जास्त उडतं. आजाराचं नाव सांगा, डोस किती आणि कधी संपणार ते सांगा, आणि जे तुम्हालाही माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगा. तिला स्वयंपाकघरात जुंपू नका. त्याच वेळी तिने मांडीवर डोकं ठेवलं तर 'आईला लागेल, लांब बस' असं कुणालाही म्हणू देऊ नका. कर्करोग संसर्गाने पसरत नाही. पुढे बाहेरून रेडिएशन देतील तेव्हाही तुमच्यापासून तिला काही धोका नाही; तेव्हाही शेजारून काहीबाही सल्ले येतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. डोसनंतरचे दोन दिवस संडास वापरून झाल्यावर झाकण लावून दोनदा पाणी सोडा, एवढी काळजी पुरते.

वेड लागेल असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल एक विचारते. ऑफिसात न गेल्याने वेड लागेल, की दिवसभर घरात सगळ्यांच्या नजरेखाली राहिल्याने? दुसरं असेल तर त्याला नोकरी हा एकच उपाय नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मैत्रिणीबरोबर वीस मिनिटं चाललात तरी फरक पडेल, आणि किमोचा थकवा नुसत्या झोपेने जात नाही, हलक्या चालण्याने कमी होतो, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. ज्या दिवशी कामावर जावंसं वाटणार नाही त्या दिवशी जाऊ नका. तिथे धैर्याची परीक्षा चालू नाही, आणि पगार प्यारा असण्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही.

वणीचा गड: सासूबाईंचं मन मोडू नका, तारीख मोडा. चैत्रातल्या यात्रेत लाखोंची गर्दी, ऊन, वाटेतलं पाणी, सगळंच तुमच्यासाठी चुकीचं. तिसऱ्या डोसनंतरच्या बऱ्या आठवड्यातला एखादा मधला वार पाहा, सकाळी लवकर गाडीने निघा, पायऱ्या न चढता ट्रॉलीने वर जा, उन्हाच्या आत घरी. प्रसाद घरी आणून खा. द्राक्षं अजून बाजारात आहेत, तीही भरपूर पाण्यात नीट धुऊन आणि डॉक्टर हो म्हणाले तरच, आणि कमी पेशींच्या आठवड्यात नको. मिसळ खावीशी वाटली तर घरी करा, वरचा कच्चा कांदा सोडून.

राहिलं कोल्हापूर. इथे मी भावाच्या बाजूने नाही. तारखा मांडल्या तर पाचवा डोस १५ मेला येतो आणि २५ मे हा अकरावा दिवस, म्हणजे पेशी तळाला. शिवाय तो नव्या औषधाचा पहिलाच डोस, तुमचं शरीर त्याला कसं घेईल ते आज कुणालाच सांगता येणार नाही. त्यात नाशिक-पुणे रस्ता, चाकणची कोंडी, पुढे आणखी चार-पाच तास, हळदीची गर्दी, पंगतीतली कोशिंबीर आणि बर्फाचं पाणी. डोस लग्न होईपर्यंत पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही; कधी कधी ते दोन-चार दिवस हलवतात. पण ते नाही म्हणाले तर तिथे थांबा, आणि स्वतःहून तर डोस कधीच चुकवू नका. भावाला आत्ताच, तुमच्या तोंडाने सांगा की मुहूर्ताला मी बहुधा नसेन, आणि नव्या जोडप्याला जूनमध्ये नाशिकला घेऊन ये. सहावा डोस ५ जूनला आहे, म्हणजे १९ ते २५ जून हे तुमचे बरे दिवस. तो आठवडा त्याला कळवून टाका. आणि मे महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिलीच, आदल्या दोन दिवसांतल्या रक्ततपासणीत पेशी चांगल्या आल्या, तर दिवसा गाडीने जा, मध्ये पुण्यात मुक्काम करा, कोल्हापुरात वेगळी खोली घ्या, जवळचं किमो देणारं हॉस्पिटल कोणतं ते भावालाच शोधून ठेवायला सांगा, फक्त अक्षतांपुरत्या मांडवात जा, आणि जेवण गरम वाढलेलंच घ्या.